कोंब ओला की कोरडा? मूळव्याध नजरेनं ओळखताना

संडासच्या जागी हाताला काही लागलं, भांड्यात रक्त दिसलं किंवा बसताना ठणकलं, की आपल्याकडे एकच नाव तोंडी येतं: मूळव्याध. मग मेडिकलमधून मलम आणलं जातं, कुणीतरी सांगितलेलं चूर्ण सुरू होतं, तिखट बंद होतं आणि असेच दोन-तीन महिने निघून जातात. हाताला कोंबासारखे लागणारे निदान सात-आठ वेगवेगळे आजार त्या एवढ्याशा जागेत होतात. त्यांचे उपचार निराळे आहेत. एकाला पोटातून औषध पुरतं, दुसऱ्याला त्याच दिवशी चिरा देऊन पू काढावा लागतो, आणि एखाद्यात उशीर झाला तर जिवावर बेततं. म्हणून औषधाआधी जागा नीट बघायला हवी. बहुतेक जण लाजेपोटी ती कधीच बघत नाहीत, आणि डॉक्टरांना ‘मोड आलाय’ एवढंच सांगतात.

बघायचं काय, हे कळण्यासाठी शरीराची एक गोष्ट माहीत हवी. गुदमार्ग जेमतेम 3 ते 4 सेंटिमीटर लांबीचा. बाहेरच्या कडेपासून साधारण 2 सेंटिमीटर आत एक नागमोडी, करवतीच्या दात्यांसारखी रेषा असते. तिला दंतुर रेषा म्हणतात. या रेषेच्या वर ओलं, मऊ, लालसर अस्तर असतं, गालाच्या आतल्या बाजूसारखं. तिथे दुखणं कळवणाऱ्या नसा जवळपास नसतात. रेषेच्या खाली कातडी सुरू होते आणि तिथे साध्या ओरखड्यानंही डोळ्यांत पाणी येतं. मूळव्याधीतलं निम्मंअधिक कोडं या एका रेषेवर सुटतं. रेषेच्या वर झालेला कोंब ओला, चकचकीत आणि लाल-गुलाबी दिसतो. त्यातून रक्त जातं, पण तो सहसा दुखत नाही. रेषेखालचा कोंब कातडीनं झाकलेला असतो, म्हणून कोरडा आणि कातडीच्याच रंगाचा दिसतो. त्यात रक्त गोठलं की मात्र तो असह्य दुखतो.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. मूळव्याधीचे कोंब बाहेरून ‘उगवत’ नाहीत. रक्तवाहिन्यांनी भरलेल्या तीन मऊ गाद्या प्रत्येकाच्या गुदमार्गात जन्मापासून असतात. वायू आणि पातळ मल नकळत बाहेर पडू नये म्हणून त्या दार घट्ट मिटायला मदत करतात. वर्षानुवर्षं कुंथून, किंवा गरोदरपणात पोटातला दाब वाढून, त्यांना धरून ठेवणारे धागे सैल पडतात. मग गाद्या फुगतात आणि खाली घसरतात. या घसरलेल्या गाद्यांनाच आपण मूळव्याध म्हणतो. त्यांची जागाही ठरलेली आहे. रुग्ण उताणा झोपला आहे आणि गुदद्वार म्हणजे घड्याळाची तबकडी आहे असं समजा. लघवीच्या बाजूला 12, माकडहाडाच्या बाजूला 6. या तबकडीवर कोंब बहुधा 3, 7 आणि 11 वर असतात. मोड नेमका 6 वर असेल आणि शौचाला दुखत असेल, तर आधी दुसऱ्याच आजाराचा संशय घ्यावा. त्याबद्दल पुढे.

बघायचं कसं

सकाळी अंघोळीआधी एकदा बघून ‘काही नाही’ म्हणणं ही सर्वांत मोठी चूक. आतल्या मूळव्याधीच्या चार पायऱ्या मानतात, त्या पुढे येतीलच; त्यातल्या दुसऱ्या पायरीचा कोंब फक्त जोर केल्यावर बाहेर येतो आणि उठून उभं राहिलं की आत गेलेला असतो. म्हणून शौच झाल्यावर, जागा धुऊन, उठण्याआधीच बघावं. फरशीवर छोटा आरसा ठेवावा, मोबाइलचा टॉर्च बाजूने धरावा आणि उकिडवं बसून हलका जोर करावा. गुडघे दुखत असतील तर डाव्या कुशीवर झोपून, गुडघे पोटाशी घेऊन, घरातल्या जवळच्या माणसाला बघायला सांगावं. मलम लावलेलं असेल तर आधी पुसून टाका, नाही तर कोरडी कातडीही ओली चकचकीत दिसते आणि फसगत होते.

फोटो काढून ठेवला तर डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो, कारण तपासणीच्या टेबलावर कोंब बाहेर येईलच असं नाही. दोन फोटो पुरेत: एक जोर करताना, एक जागा सैल सोडल्यावर. आरशात आणि सेल्फीत डावं-उजवं उलटसुलट होतं, म्हणून घड्याळाचे आकडे स्वतः मोजत बसू नका. ‘माझ्या डाव्या बाजूला’, ‘पुढच्या अंगाला’ एवढं सांगितलं तरी पुरे.

आतली मूळव्याध: चार पायऱ्या

जॉन गोलिघर या ब्रिटिश सर्जनच्या नावानं ओळखली जाणारी चार पायऱ्यांची विभागणी आजही सगळीकडे वापरतात. ती कोंबाच्या आकारावर नाही, तो किती बाहेर येतो आणि आत कसा जातो यावर आहे. हे लक्षात ठेवणं महत्त्वाचं, कारण ‘माझा कोंब मोठा आहे, म्हणजे चौथी पायरी’ असं अनेक जण समजून बसतात.

पहिल्या पायरीत बाहेर काहीच दिसत नाही. फक्त रक्त दिसतं: लालभडक, शौचानंतर थेंब थेंब टपकणारं, कधी पिचकारीसारखं उडणारं, आणि दुखणं शून्य. लोक हिलाच रक्ती मूळव्याध म्हणतात. बोटानं तपासूनही ती कळत नाही, कारण गाद्या मऊ असतात आणि बोटाखाली दबून जातात. ती दिसते प्रोक्टोस्कोप या छोट्या नळीतून. नळी बाहेर ओढताना तिच्या तोंडाशी लाल-जांभळट फुगवटे डोकावतात. म्हणूनच ‘डॉक्टरांनी बोट घालून बघितलं, मूळव्याध नाही म्हणाले’ एवढ्यावर विषय संपत नाही.

दुसऱ्या पायरीत जोर करताना कोंब बाहेर येतो आणि जोर थांबला की आपोआप आत जातो. नीट बघितलं तर वाटाण्याएवढा किंवा द्राक्षाएवढा, गुलाबी ते गडद लाल, पाण्यानं भिजल्यासारखा चमकणारा फुगा दिसतो. दाबला तर मऊ लागतो.

तिसऱ्या पायरीत तो बोटानं आत ढकलावा लागतो. चौथ्या पायरीत ढकलूनही राहत नाही किंवा जातच नाही. कोंब बरीच वर्षं बाहेर राहिला की त्याचं रूप बदलतं, आणि इथे नजर फसू शकते. कपड्याला घासून घासून ओलं अस्तर जाड होतं, फिकट पांढुरकं दिसू लागतं आणि वरवर कातडीसारखं भासतं. अशा वेळी मुळाशी बघा. बाहेरची कातडी आणि कोंब यांच्यामध्ये एक खाच दिसते आणि खाचेच्या आतल्या बाजूला अजूनही लाल, ओलं अस्तर असतं. या लोकांना रक्तापेक्षा चिकट स्रावाचा त्रास जास्त होतो. चड्डीला ओला डाग पडतो आणि खाजवून खाजवून आजूबाजूची कातडी सोलवटते.

तिसऱ्या पायरीचा कोंब आत ढकलताना उभ्यानं खटपट करू नये. डाव्या कुशीवर झोपावं, बोटाला खोबरेल तेल लावावं आणि कोंबाच्या टोकावर एकसारखा हलका दाब देत राहावं. सूज असेल तर आधी फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरावा. तरीही जात नसेल आणि कोंब फुगत चालला असेल, तर तो गळफास बसल्यासारखा आवळला गेलेला असतो. दाराचा स्नायू मुळाशी आवळतो, रक्त आत येतं पण परत फिरत नाही. अशा वेळी कोंब काळपट जांभळा होतो, ताणून गुळगुळीत दिसतो, त्यावर काळे ठिपके येऊ शकतात आणि एरवी न दुखणारी आतली मूळव्याध भयंकर दुखू लागते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठायचं.

जुन्या ग्रंथकारांची नजर याबाबत किती बारीक होती, हेही इथे सांगायला हवं. सुश्रुतसंहितेत रक्तज अर्शाच्या, म्हणजे रक्तामुळे होणाऱ्या मूळव्याधीच्या, रूपाला वडाच्या कोंबाची, पोवळ्याची आणि गुंजेची उपमा दिली आहे. वडाच्या फांदीच्या टोकाला फुटणारा लालसर, चकचकीत, टोकदार कोंब ज्यांनी पाहिला आहे, त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या पायरीचा कोंब ओळखायला वेगळं चित्र लागत नाही.

बाहेरची मूळव्याध: दोन रूपं

बाहेरची मूळव्याध कातडीखाली असते आणि बहुतेक काळ काहीच त्रास देत नाही. तिचा त्रास होतो तो तिच्यात रक्त गोठल्यावर. काल रात्रीपर्यंत काही नव्हतं आणि आज सकाळी दाराच्या कडेला हरभऱ्यापासून द्राक्षापर्यंतच्या आकाराची, टणक, निळसर जांभळी, टरारलेली गाठ आली. बसवत नाही, चालवत नाही. आदल्या दिवशी जड ओझं उचललं असेल, जोरात कुंथावं लागलं असेल, किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल. पण कधी कधी कारण सापडतही नाही. गाठीचा निळा रंग ताणलेल्या कातडीतून दिसणाऱ्या गोठलेल्या रक्ताचा.

या गाठीबाबत दोन चुका हमखास होतात. पहिली, तिला आत ढकलण्याची धडपड. ती मुळात बाहेरचीच आहे, आत तिला जागाच नाही, त्यामुळे ढकलून फक्त सूज वाढते. दुसरी, सुईनं टोचणं किंवा पिळणं. त्यानं जंतू आत जातात आणि रक्त पुन्हा साचतं. दुखणं पहिल्या 48 तासांत सर्वांत जास्त असतं आणि नंतर आपोआप उतरू लागतं. म्हणून पहिल्या 72 तासांत फार त्रास असेल तर डॉक्टर जागा बधिर करून गाठ काढून टाकतात. त्यानंतर आलात तर बहुधा कोमट पाण्यात बसा, वेदनाशामक घ्या, मल मऊ ठेवा असंच सांगतात, कारण तोवर सर्वांत वाईट काळ सरलेला असतो. गाठ पूर्ण विरघळायला मात्र काही आठवडे लागतात. मधेच कातडी फाटून काळपट, गाठीगाठीचं रक्त आलं तर घाबरू नका. त्यानंतर दुखणं कमीच होतं. थोडा वेळ स्वच्छ कापसाचा दाब देऊनही रक्त थांबलं नाही, तर दाखवा.

गाठ विरली की मागे राहतो कातडीचा सैल लोंबता तुकडा. हे दुसरं रूप. रंग कातडीचा, पृष्ठभाग सुरकुतलेला, रिकाम्या पिशवीसारखा मऊ. तो दुखत नाही, त्यातून रक्त येत नाही, जोर केल्यानं फुगत नाही. अनेक जण यालाच मोड समजून वर्षानुवर्षं औषध घेतात आणि ‘गुण येत नाही’ म्हणतात. हा आजारच नाही, जुन्या गाठीचा उरलेला अवशेष आहे, आणि कोणत्याही मलमानं तो जात नाही. धुताना स्वच्छता नीट होत नसेल, तरच काढायचा.

आतला कोंब आणि बाहेरची गाठ एकाच जागी, एकाखाली एक असली तर तिला मिश्र मूळव्याध म्हणतात. वरचा अर्धा भाग लाल ओला, खालचा अर्धा कातडीचा, आणि मधे खाच. एकदा हे चित्र डोक्यात बसलं की ओळखायला कठीण जात नाही.

जे मूळव्याध नाही

फसगत सर्वांत जास्त होते ती फिशरमध्ये. फिशर म्हणजे गुदद्वाराच्या कडेला पडलेली चीर, बहुधा 6 वाजताच्या जागी, माकडहाडाच्या बाजूला. बायकांमध्ये ती काही वेळा पुढे, 12 च्या जागी असते. शौचाच्या वेळी काचेनं कापल्यासारखं दुखतं आणि नंतर तास-दोन तास आग होत राहते. रक्त असतं पण थोडं, मलाच्या एका कडेला रेघ ओढल्यासारखं किंवा धुताना हाताला लागण्यापुरतं. चीर जुनी झाली की तिच्या बाहेरच्या टोकाला कातडीचा एक कोंब तयार होतो, आणि माणूस म्हणतो ‘सुकी मूळव्याध झाली’. कुल्ले हलकेच बाजूला केले तर कोंबाच्या वरच्या अंगाला चीर दिसते. जोरात ताणू नका, फार दुखतं. इथे उपचार आवळलेला स्नायू सैल करण्याचे असतात. मूळव्याधीचं मलम लावत राहून चीर भरत नाही.

दाराजवळ लाल, गरम, ठणकणारी, हळूहळू वाढणारी सूज आली आणि अंगात कसकस किंवा ताप असेल, तर ते गळू आहे. त्याला ठळक रंग नसला तरी चालतं. हात लावू न देणारं दुखणं आणि ताप एवढं पुरेसं आहे. पू काढावाच लागतो, नुसत्या गोळ्यांवर भागत नाही. मधुमेह असलेल्यांनी तर एक दिवसही थांबू नये, कारण त्यांच्यात जंतुसंसर्ग कातडीखाली झपाट्यानं पसरू शकतो. गळू फुटून बरं झाल्यासारखं वाटलं आणि पुढे दारापासून दोन-तीन सेंटिमीटरवर एक पुळीसारखं तोंड राहिलं, त्यातून अधूनमधून पू आणि लालसर पाणी येऊन कपड्याला डाग पडू लागले, की ते भगंदर.

गुदभ्रंश, म्हणजे आतड्याचा शेवटचा भाग सगळाच्या सगळा बाहेर येणं, हा म्हाताऱ्या माणसांमध्ये बरेचदा ‘मोठी मूळव्याध’ समजून सोडून दिला जातो. फरक सुरकुत्यांच्या दिशेत आहे. मूळव्याधीचे कोंब वेगवेगळे असतात आणि त्यांच्यामधल्या खाचा मध्यापासून बाहेर जातात, सोललेल्या संत्र्याच्या फोडींमधल्या रेघांसारख्या. गुदभ्रंशात बाहेर आलेला भाग अखंड, नळकांड्यासारखा असतो आणि त्यावर गोल गोल कडी दिसतात, पाण्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या वलयांसारखी. डॉक्टर फोटोत आधी हेच बघतात.

लहान मुलांत मूळव्याध अगदी क्वचित होते. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला न दुखता लाल रक्त जात असेल आणि कधी चेरीसारखा लालबुंद, देठाला लटकलेला गोळा बाहेर येत असेल, तर तो बहुधा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेला गोळा, असतो. मोठ्यांतही देठ असलेला, टणक, पांढुरका गोळा दिसला तर तो मूळव्याधीचा नव्हे. मूळव्याधीचा कोंब रुंद बुडावर बसलेला असतो, त्याला देठ नसतो. बारीक बारीक, खरखरीत, फुलकोबीच्या तुऱ्यासारखे पुष्कळ दाणे असतील तर ते विषाणूमुळे येणारे चामखीळ. त्यांना कातडीच्या आणि गुप्तरोगांच्या डॉक्टरांकडे दाखवायचं.

आणि कॅन्सर. तो मूळव्याधीसारखा मऊ नसतो. टणक, वेडावाकडा, कडा उंचावलेला, मध्ये व्रण पडलेला, हात लावताच रक्त येणारा आणि आठवड्यांनंतरही न कमी होणारा गोळा असेल तर थेट सर्जनकडे जा. गुदाशयातला कॅन्सर तर बाहेर दिसतही नाही. त्याची खूण म्हणजे सवय बदलणं: कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, शौच होऊनही पोट साफ न झाल्याची सतत भावना, रक्ताबरोबर शेंबासारखा चिकटपणा, वजन उतरणं. तो तरुणांनाही होतो, आणि मूळव्याध आणि कॅन्सर एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात. कोंब दिसला म्हणजे रक्त त्याचंच, असं गृहीत धरू नये.

रक्त काय सांगतं

लालभडक, मलापासून वेगळं, शेवटी टपकणारं: मूळव्याध. मलाच्या कडेला रेघ आणि सोबत कळ: चीर. मलात मिसळलेलं, तपकिरी-लाल, चिकट: आतड्यात वर काहीतरी. डांबरासारखी काळी, चिकट, भयंकर वासाची शी: पोटातला किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीचा रक्तस्राव, त्याच दिवशी दाखवायचं. फक्त आधी हे आठवा: काल बीट खाल्लं होतं का? बीटानं शी आणि भांड्यातलं पाणी लाल दिसतं. लोहाच्या गोळ्यांनी शी काळी होते, आणि गरोदर बायका त्या घेत असतातच.

थोडं थोडं रक्त महिनोन्‌महिने जात राहिलं तर हिमोग्लोबिन कधी उतरलं ते कळतही नाही. जिना चढताना धाप लागणं, छाती धडधडणं, नखं पांढुरकी दिसणं, एवढ्या खुणांवर तपासणी करून घ्या. बायकांत 12 च्या खाली, पुरुषांत 13 च्या खाली आकडा असेल तर रक्ताचं कारण शोधलंच पाहिजे. वय चाळिशी-पंचेचाळिशीच्या पुढे असेल, किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर कोंब दिसत असला तरी डॉक्टरांना दुर्बिणीनं मोठं आतडं तपासण्याबद्दल विचारा. यकृताच्या जुन्या आजारात गुदाशयातल्या शिरा फुगतात. त्या मूळव्याधीसारख्या दिसल्या तरी त्यांचे उपचार वेगळे आहेत, म्हणून यकृताचा आजार डॉक्टरांपासून लपवू नये.

पायरी कळली की उपचारही कळतो. पहिल्या दोन पायऱ्यांत इसबगोल, भाजीपाला आणि पाणी यांवर बहुतेकांचं भागतं. इसबगोल एक-दोन चमचे, पण भरपूर पाण्यासोबत. कमी पाण्यात तोच आत घट्ट गोळा होऊन बसतो. रक्त थांबायला पाच-सहा आठवडे लागू शकतात, म्हणून आठवड्यात सोडून देऊ नका. संडासात मोबाइल नेऊ नका. पाच मिनिटांत होत नसेल तर उठून या. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीला रबर बँड बांधतात. बँड दंतुर रेषेच्या वर बांधला तर दुखत नाही, आणि साधारण आठवडाभरात कोंब सुकून गळतो. त्या सुमारास थोडं रक्त दिसू शकतं. रेषेखाली बांधला तर लगेच असह्य दुखतं, अशा वेळी तो काढून घ्यावा. ताप आला, लघवी अडली किंवा दुखणं वाढत गेलं तर तातडीनं परत जा. बाहेरच्या गाठीला बँड बांधता येत नाही. स्टिरॉइडचं मलम डॉक्टरांना न विचारता आठवड्याहून जास्त लावू नये. त्यानं कातडी पातळ होते आणि खाज उलट वाढते.

बसस्टँडच्या भिंतीवर ‘एका इंजेक्शनात मूळव्याध, भगंदर मुळापासून’ अशा पाट्या दिसतात. एकाच औषधानं दोन्ही बरे करण्याचा दावा वाचला की दंतुर रेषा आठवा. ज्याला कोंब कुठला ते पाहायचंच नाही, तो सुई कुठे टोचणार आहे हेही त्यानं पाहिलेलं नसतं. डॉक्टरांकडे जाताना या चार गोष्टी सांगता आल्या तर तपासणी निम्मी झाली म्हणून समजा: कोंब ओला की कोरडा, आत जातो का आणि कसा, दुखतं कधी आणि किती वेळ, आणि रक्त टपकतं की मलात मिसळून येतं.